पार्किंगखालचा हमामखाना

कॉलेजात शिकवणाऱ्या देशमाने बाई नसत्या, तर आमच्या घरात पदवीचा कागद आलाच नसता. जुन्या बांधकामाला हात लावून चुना ओळखायला त्यांनीच मला शिकवलं.

आमच्या ऑफिससमोर पार्किंगसाठी खड्डा खणताहेत. काल तिथे जुन्या हमामखान्याची भिंत लागली आणि कळायच्या आत अर्धी पडलीही. चपट्या विटा, अधूनमधून कोरीव दगडी चिरे, पांढरा चुना आणि मधून गेलेला भाजलेल्या मातीचा नळ. ठेकेदार खोदाईच्या नव्या यंत्राची पूजा करत होता. नारळ फोडायला दगड हवा, म्हणून त्याने त्याच भिंतीतला एक चिरा उपटून आणवला.

"अहो, आधी पुरातत्त्व खात्याला कळवा," मी म्हटलं.

"का हो साहेब, तुमच्या आज्याची आंघोळ राहिली होती का इथं? घ्या, प्रसाद घ्या!"

सगळे फिदीफिदी हसले. मी भिडेखातर हात पुढे केला आणि खोबरं खाल्लंही. त्या हसण्याइतकीच मला माझ्या त्या हाताची चीड आली.

माझ्या आज्याचं घर कुडाचं होतं. त्याची एक काडीही उरली नाही. म्हणून कुणाचं तरी काही मातीखाली टिकलं, याचं मला अप्रूप. या शहराला मात्र गाडी उभी करायला जागा मिळाली की पुरे. असल्या शहराला मी का आपलं म्हणावं?

रात्रीच पत्र लिहून बाईंच्या घरी धाडलं.

"ती. बाईंना सा. न. खात्याकडे माझ्या सहीने तक्रार दिली आहे. अर्धी भिंत अजून उभी आहे. तुम्ही येऊ नका, तुम्हांला पाहवणार नाही. उद्या यंत्र सुरू होण्याआधी मी खड्ड्यात उतरून भिंतीपुढे उभा राहणार आहे."