लेथचं माहेर

खंडेनवमीला शेजारच्या वर्कशॉपमधून झेंडू आणि मशीन ऑइलचा वास एकत्र आला, की मी बाहत्तर सालच्या भिंगारात पोचते. तिथल्या कारखान्यात मी टायपिस्ट होते. मिस्त्रींनी लेथवरच्या ‘शिकागो’ या ओतीव अक्षरांना कुंकू लावलं होतं. नेमका त्याच शहरातला पाहुणा आला आणि लेथ चालवून दाखवा म्हणाला.

“आज तिचा सन हाय, चालायची न्हाई,” मिस्त्री म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं.

पाहुणा अक्षरांवरून हात फिरवत म्हणाला, “आमच्याकडे अशा सगळ्या भंगारात गेल्या.”

ते कळल्यावर मिस्त्रींनी त्याच्या हातात नारळ ठेवला. “माहेरचं मानूस आलंय. सांगा त्याला, पोरगी सुखात हाय.”

तेव्हा मी हसत हसत भाषांतर केलं. आता माझी लेक शिकागोत असते. तिकडून कुणी आलं, की मला तेवढंच वाक्य ऐकायचं असतं.