हादऱ्यांवर पोसलेला माणूस

स्थिर वस्तूंवर इतका मनापासून अविश्वास ठेवणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, विठ्ठलवाडीला राहत आणि पलीकडच्या टेकडीवरच्या दगडाच्या खाणीत लॉरी चालवत. लॉरी लष्करातली, लढाई संपल्यावर लिलावात निघालेली. तिच्या स्प्रिंगा बहुधा लढाईतच कामी आल्या असाव्यात. सीट म्हणजे लोखंडी पत्रा आणि त्यावर गोणपाटाच्या चार घड्या. त्या पत्र्यावर बसून काका दिवसाचे आठ-नऊ तास खाचखळग्यांतून दगड वाहत आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हा कचेरीवाल्यांची कीव करत. "बसून बसून आंबशील रे तू," ते मला म्हणत. "माणूस कसा हलता पाहिजे." मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून म्हणून नुकताच चिकटलो होतो. आंबायला अजून बराच अवकाश होता, पण काकांपुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

काका चहा अर्धाच कप घेत. गाडीत भरलेला कप टिकत नाही हे समजण्यासारखं होतं, पण स्वतःच्या ओसरीवर बसूनही ते भरलेला कप शंकेखोर नजरेने पाहत आणि परत पाठवत. शेवटी मावशी वाद न घालता त्यांना दोन अर्धे कप आणून देऊ लागली. खाली पडलेली वस्तू ते कधी उचलत नसत. चष्म्याचं घर पडो, वर्तमानपत्र पडो, काका त्याच्याकडे वरून शांतपणे पाहत आणि म्हणत, "राहू दे. जरा विसावा घेऊ दे त्याला." त्यामुळे त्यांच्या घरात बऱ्याच वस्तू विसावा घेत असत. मावशी दिवसातून दोनदा घरभर फिरून त्या गोळा करी.

रविवारी खाण बंद. त्या दिवशी काकांना झोप म्हणून लागत नसे. जमीन फारच गप्प असते, अशी त्यांची तक्रार होती. मग दुपारी ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जात, थरथरणाऱ्या भिंतीला पाठ लावून बसत आणि दोन मिनिटांत घोरू लागत. तासाभराने अंगावर पिठाचा थर घेऊन घरी येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शनाचं समाधान असे. गिरणीत आलेल्या बायकाही सरावल्या होत्या. एकीने तर आपला डबा कोणी उचलू नये म्हणून तो काकांच्या मांडीवर ठेवला होता.

पण खरा सोहळा सकाळचा. खाणीवरचे सगळेच ड्रायव्हर गाडीवर चढण्याआधी कंबर आवळून बांधत. इतरांना जुन्या धोतराचं पान पुरे, काकांना मावशीचं अख्खं नऊवारी लुगडं लागे. मावशी स्वयंपाकघराच्या दारात एक टोक ताणून उभी राही. दुसरं टोक पोटाशी धरून काका ओसरीपासून गोल गोल फिरत यायला लागत, ते तिच्यापाशी पोचेपर्यंत खांबासारखे ताठ झालेले असत. एकदा माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलाचे वडील बदलापूरहून पहिल्याच गाडीने येऊन थडकले. मावशीचे हात पोह्यांत. काकांनी लुगड्याचं टोक सरळ त्या गृहस्थांच्या हाती दिलं. "जरा ताणून धरा. ढिलं सोडू नका." ते बिचारे टोपी सावरून, पाय रोवून उभे राहिले. लग्न ठरलं. व्याह्यांची पकड चांगली आहे, हे काका पुढे कित्येक वर्षं सांगत.

आणि मग खाणीच्या शेठने नवा डंपर घेतला. त्याला म्हणे गादीची सीट होती आणि त्या सीटखाली चक्क स्प्रिंगा होत्या. काका तो बघून आले आणि दोन दिवस दुसऱ्या कशावर बोललेच नाहीत. "बसून बघितलं रे तिच्यावर. खाली दगड आहे की कापूस, कळत नाय." सगळ्यात जुने ड्रायव्हर काकाच, म्हणजे डंपर त्यांचाच. पण शेठ पडला व्यवहारी माणूस. महागाची गाडी धडधाकट माणसाच्याच हाती द्यायची, म्हणून त्याने डॉक्टरची चिठ्ठी मागितली. ज्याची पाठ मोडलेली नाही, त्यालाच पाठ न मोडणारी सीट मिळणार होती. हा विनोद तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही.

नौपाड्यातले एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे मी काकांना मोठ्या तोऱ्यात घेऊन गेलो. काकांनी आतून लुगडं बांधलंच होतं, त्यामुळे ते तिथे पहारेकऱ्यासारखे ताठ उभे होते. पाठ दुखते का? नाही. पायाला मुंग्या येतात का? छे. झोप? उत्तम. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि पेनात शाई भरता भरता सहज मला म्हणाले, "काय, मजेदार दिसतात तुमचे काका."

मला एवढंच हवं होतं. काकांचे किस्से सांगण्यात माझा हातखंडा होता, कचेरीत माझी जी काही किंमत होती ती त्यावरच. मी अर्धा कप सांगितला, विसावा घेणाऱ्या वस्तू सांगितल्या, गिरणी सांगितली, नकलेसकट. डॉक्टर आधी खूप हसले. मग कमी हसले. लुगड्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं.

"शर्ट काढा," ते काकांना म्हणाले.

लुगड्याचं टोक मीच धरलं. काका उलटे फिरत फिरत मोकळे झाले आणि टेबलाला हात टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांना वाकून पायाची बोटं धरायला सांगितलं. काका गुडघ्यापर्यंतही पोचले नाहीत. तसेच थांबले, कपाळावर घाम.

"हादरे खाऊन मणके झिजलेत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "कोणत्याच गाडीवर बसायचं नाही आता. बसलात तर एक दिवस पाय उचलणार नाहीत."

"डॉक्टर, पोरगं गमतीनं बोललं हो," काका म्हणाले. "त्याला सवय आहे वाढवून सांगायची."

मीही तसंच म्हणालो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली, ती दुसरीच.

डंपर एका बाविशीतल्या पोराला मिळाला. काकांना शेठने सुरुंग उडण्याआधी लाल बावटा दाखवायच्या कामावर ठेवलं. दिवसभर एका जागी उभं राहायचं. पुढे पंधरा वर्षं काका आपल्या पायांनी चालले, आणि ते माझ्यामुळे, असं मावशी सगळ्यांना सांगे. ते खरंही असेल. काकांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. मी गेलो की अगत्याने बसवत, कचेरीची चौकशी करत, हवापाण्याबद्दल बोलत. फक्त त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर कधी विक्षिप्तपणे वागले नाहीत. अगदी चारचौघांसारखे वागत, जपून. मावशीकडून ऐकायचो, मी उठून गेलो की ते पुन्हा पहिल्यासारखे होत.