मुतारीतला खेळ आणि शेजारचं कुलूप

माळशिरसहून सकाळी सहाच्या गाडीने निघालो, मी आणि माझी नात पूनम. प्रवासाच्या दिवशी मी पाणी पीत नाही. चहासुद्धा अर्धा कप. वाटेत बायकांना जागा मिळेल याचा भरवसा नसतो, हे वाचणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

पूनम पुण्याला शिकते. शहरातल्या सार्वजनिक जागा कशा बांधाव्यात, हा तिचा विषय. सोलापुरात एका बाजारातल्या पुरुषांच्या मुतारीत व्हिडिओ गेम बसवलेत, त्यावर तिला अहवाल लिहायचा होता. पण आत शिरायला ती लाजत होती. मी चौथी शिकले आणि पुढे पंचवीस वर्षं मुताऱ्या धुतल्या. तिला म्हटलं, मला घेऊन चल.

पंढरपूरपर्यंत ऊस दिसतो. पुढे मोहोळकडे जमीन कोरडी होत जाते, ज्वारी आणि मधूनमधून द्राक्षाचे मांडव. पंढरपूरला गाडी थांबली तेव्हा पूनम चहा प्यायला उतरली. मी बसून राहिले. नऊनंतर सोलापूर आलं. ऊन आतापासूनच डोक्यावर बसलं होतं. चादरींच्या दुकानांची फळकुटं निघत होती.

मुतारी बाजाराच्या टोकाला आहे. नवी फरशी, निळा रंग. एका बाजूला पुरुषांचं दार, दुसऱ्या बाजूला बायकांचं. बायकांच्या दारावर साडीतली बाई रंगवली आहे आणि बाईच्या पोटावर कुलूप आहे. मध्ये मोठा फलक. त्यावर लिहिलंय की लोकांना हा खेळ फार आवडला असून आता शहरात आणखी ठिकाणी बसवणार.

तिथे धुणारी बाई भेटली. नरसम्मा नाव, पन्नाशीची, घरात तेलुगू बोलणारी. आधी विड्या वळायची, डोळे अधू झाल्यावर इकडे आली. मी पूर्वी हेच काम केलं म्हटल्यावर तिने मला अक्का (थोरली बहीण) करून टाकलं.

"आत बघायचं हाय? थांबा की, अक्का." तिने आत तोंड घालून आरोळी दिली, "चला, आटपा, धुवायचं हाय." तीन माणसं नाडी बांधत बाहेर आली. मग तिने बादली उंबऱ्यावर आडवी ठेवली. आडवी बादली म्हणजे आत बाई आहे. सोलापूर असो की माळशिरस, ती बादली कुठलाही पुरुष ओलांडत नाही.

आत चार भांडी. प्रत्येकावर डोळ्यांच्या उंचीला काचेचा पडदा. पडद्यावर एक मोटारसायकल रस्त्याने जाते. धार डावीकडे धरली की गाडी डावीकडे वळते, उजवीकडे धरली की उजवीकडे. रस्त्यातले खड्डे चुकवायचे. धार संपली की गाडी थांबते आणि गुण दिसतात. खाली 'आजचे खेळाडू' म्हणून आकडा येतो. पूनमने फोटो काढले. खेळामुळे नेम सुधारतो असा उद्देश होता म्हणे. मी फरशी पाहिली. सुधारलेला नव्हता.

नंतर आम्ही समोरच्या पारावर बसून आत जाणारे पुरुष मोजले. मी वहीत रेघा ओढत होते. एक टोपीवाले म्हातारे बाहेर येऊन माझ्यासमोर थांबले.

"काय आजी, तुमाला बी खेळायचं हाय का?"

"न्हाय. तुमी किती सांडता ते लिवतेय."

"माझी गाडी खड्ड्यात गेली," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिला की."

दुपारी नरसम्माने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटून दिली. चटणी तिखट, पाणी प्यावंच लागलं. व्हायचं तेच झालं. तासाभरात मला जाग्यावर बसवेना. बायकांच्या कुलपाची किल्ली मागितली.

"माझ्याकडं कुटं? ठेकेदाराच्या माणसाकडं हाय. आत मशीनच्या बॅटऱ्या ठेवल्यात."

"मग तू कुठं जातेस?"

तिने बादलीकडे बोट दाखवलं.

मीही तसंच केलं. बादली आडवी, पूनम दारात पहाऱ्याला, मी पुरुषांच्या बाजूला कोपऱ्यातल्या नाल्यावर. सवयीने नंतर पाणी ओतलं आणि हात चालतच होता म्हणून शेजारच्या भांड्यातही डबाभर पाणी टाकलं. पडद्यावरची मोटारसायकल सुसाट निघाली. खड्ड्यात पडली, गुण दिसले, खेळाडूंचा आकडा एकाने वाढला. मी दुसरा डबा टाकला. आकडा पुन्हा वाढला.

पूनमला हाक मारली. तिने चारही पडद्यांवरचे आकडे घेतले, सकाळच्या फोटोतले आकडे त्यातून वजा केले आणि माझ्या रेघांशी ताडून पाहिले. यंत्राचे खेळाडू दुप्पट होते. निम्मे खेळाडू म्हणजे नरसम्माचा डबा.

"तुला दिसलं नाही कधी?" मी विचारलं.

"मी खाली बघून धुते, अक्का. वर कोण बघतंय?"

पूनम खूश झाली. "आजी, अहवालात हेच पहिलं येणार. आकडा खोटा, यंत्र निरुपयोगी."

नरसम्मा बादली उचलत होती, ती थांबली. "मशीन काढलं तर मला बी काढतील. मशीन आलं म्हणून ते पुसायला, भांडी धुवायला ठेवलंय मला. मशीन नसलं तर धुवायला ठेकेदाराचा माणूस हाय की."

पूनमचं तोंड उतरलं. म्हणाली, मग आकड्याचं राहू दे. मी म्हटलं, राहू कसं देतेस? उद्या ते आणखी ठिकाणी बसवतील, तिथल्याही बॅटऱ्या बायकांच्याच खोलीत जातील.

बाहेर पारावर बसून मी विचार केला. यंत्र कोणीही पुसेल. पण बायकांची मुतारी उघडली तर ती धुवायला पुरुष चालत नाही. मी पंचवीस वर्षं कामावर राहिले ती एवढ्याच कारणाने.

नरसम्माला विचारलं, "आधी बायकांचं कुलूप लिहितो. तिथं बाई लागेल तेही लिहितो. मग आकडा. चालेल का?"

तिने कुलपाकडे पाहिलं. "न्हाय उघडलं तर?"

"तर तुझं काम जाईल," मी म्हटलं. खोटा धीर देऊन काय करायचं?

"लिवा," ती म्हणाली आणि धुवायला आत गेली.

परतीच्या गाडीत पूनमने मोहोळ येईपर्यंत पहिलं पान लिहिलं. पहिल्या वाक्यात यंत्र होतं. मी खोडायला लावून तिथे कुलूप घातलं. अहवाल तिने सरांना दिला आणि एक प्रत सोलापूरच्या महापालिकेच्या कचेरीत.

दीड महिन्याने नरसम्माचा फोन आला. बॅटऱ्या हलवल्या. कुलूप काढलं. बायकांची बाजू तिच्याकडे दिली. यंत्र तसंच आहे, आता तिचा डबा त्यात पडत नाही आणि ठेकेदाराचा माणूस भांड्यांत पाणी टाकत नाही, त्यामुळे आकडा निम्म्यावर आलाय आणि साहेब कारण शोधतायत. पुरुषांची फरशी पूर्वीइतकीच ओली असते.

पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला मला पुन्हा सोलापूरला जायचं आहे. या खेपेला सकाळी पूर्ण कप चहा घेणार आहे.