कानात सांगितलेलं नाव

पुरुष कारखान्यात गेले की वालचंदनगरच्या आमच्या क्वार्टरांत दुपारी चिडीचूप व्हायचं. संध्याकाळी हे मला इंग्रजी शिकवायचे. एके दिवशीचा शब्द होता ‘काइंड’. अर्थ मायाळू. माणसाला लावतात, बोलण्याला लावतात, अर्जात विनंती करतानाही ‘काइंडली’ लिहितात, असं सांगून त्यांनी मला वहीत एक वाक्य करायला लावलं. मी शेजारच्या अक्कांवरच केलं: शी इज काइंड. ह्यांनी बरोबरची खूण केली.

अक्का मूळच्या अंथुर्ण्याच्या. त्यांची एकुलती लेक तान्हेपणीच गेली होती. माझ्या बाळंतपणात त्यांनी आईच्या मायेनं सगळं केलं. नणंदेला सुप्याहून बारशाला येता आलं नाही, तेव्हा आत्याचा मान मीच हौसेनं अक्कांना दिला. पाळण्यावर वाकून त्या बाळाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मग बायकांनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले आणि सगळ्या हसल्या.

मुलगी सात महिन्यांची झाली तरी आम्ही ठेवलेल्या नावाला वळेना. टाळी वाजवली की मात्र लगेच बघायची. एका दुपारी मी आत भाकरी थापत होते आणि अक्का पाळण्यापाशी हलकेच कुणाला तरी हाक मारत होत्या. नाव अनोळखी होतं. बाहेर येऊन पाहते तर लेक मान वळवून खुदकन हसत होती. हे कुणाचं नाव, असं मी विचारलं.

अक्कांनी काही लपवलं नाही. “बारशाला म्या हिच्या कानात माझ्या लेकीचंच नाव सांगितलं,” त्या म्हणाल्या. “ती वळखती बघ, बाई.”

मी तोंडाला येईल ते बोलले. पुन्हा माझा उंबरा चढायचा नाही, असं बजावलं. अक्का उठल्या आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेल्या.

आठवड्याभरात पोरीला ताप भरला. भर दुपारी ती डोळे मिटून निपचित पडली. हे डॉक्टरांना आणायला गेले होते. कपाळावर ओलं फडकं ठेवून मी आमच्या नावानं हाका मारमारून घसा कोरडा केला, पण तिची पापणी हलेना. मग मात्र माझा धीर सुटला आणि मी ते दुसरं नाव घेतलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहून हसली. दारात कुणी नव्हतं.

ताप उतरला, पोर जगली. वहीतलं ते वाक्य मी रागानं खोडून टाकलं होतं, ते पुन्हा लिहून काढलं.

आता अक्काही नाहीत. ते नाव घेणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून घरात आम्ही दोघीच असलो की मी लेकीला त्या नावानं हाक मारते. ती ओ देते. मला दर वेळी भीती वाटते.