पलंगाएवढा कागद

आमच्या दाना ओली नावाच्या गल्लीत कुणाच्याही घरी नवी वस्तू यायची असली, की आधी तिचा कागद यायचा. टेबल असो, फ्रिज असो, नाहीतर व्यायामाची सायकल. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी मामी जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवून त्या वस्तूच्या मापाचा कागद कापायची आणि वस्तू जिथे ठेवायची असेल, तिथेच तो अंथरून जायची. आठ दिवस सगळ्यांनी त्याला वळसा घालून चालायचं. मग मामी येऊन कागद उचलायची. जागा ओकीबोकी दिसली तर वस्तू मागवायची, हायसं वाटलं तर विसरून जायचं. गल्लीतली मुलं तिला ‘नापवाली मामी’ म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे.

मामी जन्मभर ब्लाउज शिवत आली. आधी कागदावर कापून बघितल्याशिवाय तिने कापडाला कधी कात्री लावली नाही. मोबाइलवरच्या खरेदीलाही तिने तोच नियम लावला. तिला ऑनलाइन खरेदीचं वावडं होतं असं मात्र कुणी समजू नये. चष्मा कपाळावरून नाकावर ओढून ती मोठ्या हौसेने फोन घेऊन बसे. फोटोंवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. “फोटोत सगळेच गोरे आणि सगळंच मोठं,” म्हणायची. आधी मापं वाचायची, मग नाराज लोकांनी काय लिहिलंय ते, आणि शेवटी एकच विचारायची, बिघडलं तर इथल्या टोपी बाजारात कुणी दुरुस्त करून देईल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, की फोन पालथा घालायची.

मला एकदा पाय लांब करून बसायच्या मोठ्या खुर्चीने झपाटलं होतं. मी शाळेत शिकवते, दिवसभर उभी असते, माझा तेवढा हक्क आहे, वगैरे भाषण मी तयारच ठेवलं होतं. मामीने वाद घातला नाही. कागद अंथरला आणि गेली. पहिले एक-दोन दिवस आम्ही मानाने वळसा घातला. मग माझे यजमान मॅच बघताना त्याच्यावरच मटार सोलत बसू लागले. पुढे कधीतरी कामवालीने तो गुंडाळून कोपऱ्यात उभा केला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मामी आली, रिकाम्या फरशीकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “वा गं वा! खुर्ची चोरीला गेली तुझी, आणि तुला पत्ताच नाही!” पुस्तकांच्या रॅकचा कागद मात्र तिने भिंतीवरून काढला, तेव्हा भिंत खरंच ओकीबोकी दिसली. “मग बघत काय बसलीस? मागव!” म्हणाली. तो रॅक आजही जागचा हललेला नाही.

गल्ली इतकी अरुंद, की डिलिव्हरीवाला गाडी तोंडाशी लावून चालत यायचा. म्हणून काहीही मागवण्याआधी मामी चार घरांत विचारून यायची आणि सगळ्यांचं एकदम मागवायची. “रोज एकेक बटण आणायला त्या बेचाऱ्याला का पळवायचं? पेट्रोल काय नळाला येतं?” डिलिव्हरीवालाही मजेत हाक मारायचा, “अम्मा, आपकी गली की बारात आ गई!” रिकामी खोकी मामी ठेवून घ्यायची. त्यांच्या पुठ्ठ्यांवर तिच्या ब्लाउजांचे गळे आणि बाह्या कापल्या जायच्या.

तिला राग होता तो फक्त परत पाठवण्याचा. “उसवलेलं कापड पहिल्यासारखं होत नाही,” एवढंच ती म्हणायची. आणि तिचा मुलगा समीर नेमका उलटा. पुण्याला मोठ्या नोकरीवर. आवडलं की मागवायचं, नाही आवडलं की परत. त्याच्या दारात एक खोकं येत असायचं आणि एक जात असायचं.

गेल्या वर्षी मामी न्हाणीघरात घसरली. थोडक्यात निभावलं, पण समीरने फोनवर फर्मान काढलं, “आई, आता बस. घर सोड, सामान बांध, मी तिकीट काढतो.” मुलाजवळ राहावंसं तिलाही वाटत होतंच. पण एका दुपारी शिलाई मशीन मध्येच थांबवून ती मला म्हणाली, “समीर सगळंच झटकन मागवतो गं. मग म्हणतो, जागा कुठे आहे? तिकडे जाऊन नाही जमलं, तर मी वापस कुठे येऊ? हे भाड्याचं घर तोवर सुटलेलं असणार.” मामीला घाबरलेलं मी तेव्हाच प्रथम पाहिलं.

दिवाळीत समीर आला, तेव्हा तिने कागद तयार ठेवला होता. तिच्या पलंगाएवढा. “हा तुझ्या घरात अंथर. महिनाभर.”

समीर हसत सुटला. “आई यार, तू भी ना! तू कोई सामान है क्या?”

“सामान असते तर आठ दिवस पुरले असते,” मामी म्हणाली. “माणूस आहे, म्हणून महिना.”

समीरचं हसू थांबलं. त्याने स्वतः त्या कागदाच्या घड्या घातल्या आणि तो बॅगेत अगदी वर ठेवला.

त्या महिन्यात मामीने फोनवर कागदाचं नावही काढलं नाही. साऱ्या गल्लीची चौकशी करणारी बाई, पण हे विचारण्याची तिची छाती होत नव्हती. मला तर ती जायला मुळीच नको होती, आणि तिचा जीव टांगणीला लागलेलाही बघवत नव्हता. मग एक दिवस सुनेचाच फोन आला. मी तिथेच बसले होते. मामीने सवयीने स्पीकर लावला.

“आई, रोज फरशी पुसताना तो कागद उचलते आणि परत अंथरते. आता घड्यांवर फाटत चाललाय. दुसरा पाठवताय, की तुम्हीच येताय?”

मामीने डोळ्यांना पदर लावला. मग गळ्यातली टेप काढून नीट गुंडाळली आणि तिचा नेहमीचा आवाज आला, “येते. पण पलंग खिडकीशी पाहिजे, सांगून ठेवते.”

ती गेली. मशीनही तिच्याबरोबर गेलं. आता पुण्यातल्या त्या इमारतीत म्हणे लोक आधी कागद अंथरतात आणि मग फोन हातात घेतात. मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही. इथे मी मात्र शाळेतून येताना अजून तिच्या दाराशी थांबते. परवा राहवलं नाही, म्हणून फोन केला. “मामी, तुझा कागद उचलला गं, आणि जागा ओकीबोकी दिसतेय.”

पलीकडे चालू असलेलं मशीन थांबलं.

“मग बघत काय बसलीस?” मामी म्हणाली. “मागव! गणपतीत येते.”