गुरुवारची दाढदुखी

आमच्या हिंगोली डेपोत डिझेल मोजून मिळायचं, किस्से मात्र बेहिशेबी! त्यातून कुणी आजारी पडला तर विचारूच नका. रजा मंजूर व्हायच्या आधी दहा जणांचं निदान तयार. आमच्या किशन ड्रायव्हरचंच बघा. मी त्याचा कंडक्टर, त्यामुळे सगळं जवळून पाहिलं.

*

आखाडा बाळापूरच्या अलीकडे किशनने भर दुपारी बस थांबवली आणि उतरून लिंबाखाली बसला. छाती धडधडत होती. मी मागे वळून पाहतो तर पॅसेंजर आपणहून उतरून गाडीला धक्का मारायला लागलेले! सवय, दुसरं काय.

"अहो, गाडी चांगली आहे!" मी ओरडलो.

"मंग थांबली काहून?"

"ड्रायव्हर बंद पडलाय!"

एक आजोबा म्हणाले, "मंग त्याला मारा धक्का!"

*

ईसीजी काढला. रिपोर्ट नॉर्मल. झालं! आमचे कंट्रोलर बाबाराव म्हणजे डेपोतलं सगळ्यात मोठं तोंड, पण त्यात दात एकही नाही. चहाच्या वेळी कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि भाषण सुरू.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गडी नाटक करून राहिला! मन-बिन काही नसतंय."

"साहेब, झोप येत न्हाई," किशन म्हणाला.

"मंग नाइट ड्यूटी घे की! बराबर जमतंय."

सगळे हसले. किशन हसला नाही. तसा तो कित्येक महिन्यांत हसलाच नव्हता.

*

हट्ट्याहून त्याचे मामा आले. त्यांनी एका नजरेत रोग ओळखला. "लग्न करून टाका याचं!"

"मामा, दोन लेकरं हायती मला."

"मंग दुसरं करा!"

किशनच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मामांच्या पुढचा चहा उचलून आत नेला.

*

एके दिवशी स्टँडवर किशन हळूच म्हणाला, "जगावं वाटून न्हाई राहिलं, गड्या." मला घामच फुटला. इतके दिवस आम्ही सगळे नुसते विनोद करत होतो! त्याला एकटं सोडलं नाही, घरी नेलं आणि वहिनींना सांगितलं.

"लोकाइचं ऐकणं आता बास," त्या म्हणाल्या. "भाऊजी, गुरुवारी दवाखान्यात न्या यांना."

*

हिंगोली जिल्हा झाला, कलेक्टर आले, पण मनाचा डॉक्टर गुरुवारीच नांदेडहून यायचा आणि दातांच्या दवाखान्यात बसायचा. पाटी फक्त दातांची. त्यामुळे दर गुरुवारी निम्मं गाव गाल धरून जिना चढायचं!

किशननेही गालाला रुमाल लावला, तरी पायरीवरून मागे फिरला. "बाबारावला कळलं तर डेपोभर करंल. मला न्हाई यायचं." मी दंड धरून त्याला वर नेलं.

आत बाकावर सगळे गाल धरून बसलेले. कोपऱ्यात मफलर नाकापर्यंत ओढून, गाल घट्ट दाबून... बाबाराव!

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. "दाढ लई दुखून राहिली रे," बाबाराव पुटपुटले.

किशनने त्यांच्या खिशाकडे पाहिलं. कवळी खिशातच होती. आणि किशन हसला! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग रुमाल खिशात टाकून त्यांच्या शेजारी टेकला.

"सरका साहेब. माझी बी तीच दाढ हाय."