अर्धवट टाके

घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत दादाला मारलं ते सार्वजनिक नळावर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रिक्षा चालवायचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी खालच्या नर्सिंग होममध्ये रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. ऑपरेशन रद्द झालं, आणि आम्ही घरी पोचायच्या आत तिथूनच कुणीतरी गल्लीत बातमी पोचवली. पुढे सरकारी गोळ्यांनी दादा सावरला. गल्ली नाही सावरली.

त्या सकाळी त्याने नळाखाली हंडा लावला. शेजाऱ्याने तो लाथेने उडवला.

"तुझा रोग आमच्या पोरांना पाजतोस काय?"

"पाण्यातून होत नाही रे. डॉक्टरला विचार ना."

शेजाऱ्याच्या हातातला लोखंडी पाइप थेट कपाळावर बसला. दादा पडला. आणखी दोघे धावून आले आणि पोटात लाथा घालायला लागले. मग रक्त दिसलं, तसे सगळे मागे हटले आणि लांबून दगड मारू लागले. आई त्याच्यावर आडवी पडली. "माझ्या झिलाक मारतास? आधी माका मारा!" एक दगड तिच्या खांद्यात बसला.

वहिनी आणि मी दादाला त्याच नर्सिंग होममध्ये नेलं. जवळ दुसरं काही नव्हतं. नव्या डॉक्टरने टाके घालायला घेतले. निम्मे झाले असतील, तेवढ्यात दादा म्हणाला, "डॉक्टर, सांभाळून हां. मी पॉझिटिव्ह आहे. गोळ्या चालू आहेत."

डॉक्टरने हात झटकन मागे घेतला. "आधी बोलायला काय झालं होतं? बाहेर काढा ह्याला!"

वॉर्डबॉयने स्ट्रेचर दाराकडे ढकललं. दादाच्या कपाळातून दोरा लोंबत होता, टोकाला सुई तशीच. वहिनीने ट्रेमधली कात्री उचलली, दोरा कापला आणि सुई त्याच ट्रेमध्ये आपटली.

महापालिकेच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, ग्लोव्हज चढवले आणि उरलेले टाके घातले. पोलिसात तक्रार झाली. शेजारी जामिनावर सुटून आला, तेव्हा आम्ही कांजूरमार्गला खोली बघून तिकडे राहायला गेलो.

दादा मात्र दवाखान्याचं नाव काढू देईना. हर्निया अडकून पोट दगडासारखं झालं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तरी म्हणे, "इथेच मरू दे." वहिनीने आणि मी त्याला ओढून रिक्षात घातलं आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं.

"आणखी काही आजार?" तिथल्या सर्जननी विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

"आहे," वहिनी म्हणाली, आणि तिने गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली.

सर्जननी डबी वाचली. "ह्या चालू ठेवायच्या. शेवटचं कधी जेवलात?"

दादाने आधी वहिनीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "काल दुपारी," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.